रविवारी गोळी नाही

लोणखेडा,
ता. ६ डिसेंबर १९६४

ती. नवलदादास,
धाकट्या अनुसयेचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. मास्तरांची बदली टळली. म्हैस व्याली, पण रेडा झाला म्हणून सासूबाई म्हशीवर रुसल्या आहेत. कापसाची वेचणी चालू आहे आणि बायका मिळत नाहीत, म्हणून मीच पदर खोचून शेतात जाते. तुमच्याकडे धडगावला थंडी मरणाची असेल. लाकडाच्या ट्रकवरचा दिलवरसिंग हे पत्र आणील, त्याबरोबर घोंगडी आणि तिळाच्या लाडवांचा डबा आहे. दिलवरसिंगला मी ओळखते, तेव्हा डबा हलका लागला तर त्यालाच विचार.

तुझी खबर मला त्याच्याकडूनच कळते. तू जंगलखात्याच्या डेपोवर राखणीला आहेस, बाज्या नावाच्या पावरा गड्याबरोबर एका खोलीत राहतोस, आणि अफू सोडून तुला चार वर्षं झाली. हे शेवटचं त्याने मला अंगणात उभं राहून सांगितलं. मी आत जाऊन त्याच्यासाठी पुन्हा चहा टाकला. पहिला त्याने अजून संपवलाही नव्हता.

पत्राला कारण आहे, ते पुढे येईल. आधी तुझ्या भाचीचं सांगते.

जसूला तू शेवटचं पाहिलंस तेव्हा ती रांगत होती. आता चौथीत आहे. उंच झाली, आणि नाक थेट आपल्या आबांचं. पण ती एका जागी बसत नाही, दादा. पोरं बसत नाहीत तसं नव्हे. एक वेणी घालून होते आणि दुसरी मोकळी सोडून ही पळते. लसूण सोलायला दिला तर अर्धा लसूण माझ्यासमोर आणि ही विहिरीवर. दळण घेऊन चक्कीवर जाते, गप्पा मारून परत येते, आणि डबा तिथेच. मनाने म्हणशील तर फार चांगली, कुणाचंही काम करायला धावते. फक्त ते पुरं होत नाही. शाळेत रोज मार खाते. बाप त्याच शाळेत मास्तर, म्हणून लोकांनी बोलू नये यासाठी पहिली छडी तेच मारतात आणि मग घरी येऊन जेवत नाहीत. शेजारच्या कौसाबाई म्हणतात, "तुन्ही पोरना डोकामा वारं भरेल शे."

मीही मारलं. मग एक दिवस ती ओट्यावर पाटी मांडीवर घेऊन रडत बसली होती. मी म्हटलं, आता काय झालं? तर म्हणाली, "मी बसस ना माय, पन मन्हं डोकं उठी जास."

मी तिथेच खाली बसले. कारण हे मी आधी ऐकलं होतं. आबा आठव. उभ्याने भाकर खायचे. पंचांच्या बैठकीला गेले तर चार वेळा बाहेर जाऊन बैल बघून यायचे. कसुंबा झाला की मगच टेकायचे. अफूचं पाणी तळहातावर घ्यायचं आणि पाहुण्याने ते त्या तळहातावरून प्यायचं, तो आपल्या भाऊबंदांतला मान. आबा मोठ्या हौसेने मान द्यायचे आणि त्याहून हौसेने घ्यायचे. "लिधी का जीव जागावर बसस," म्हणायचे. आपण ते नशेचं बोलणं समजलो.

आणि तू. दुसरीतूनच शाळेच्या खिडकीबाहेर उडी मारलीस. काकांच्या लग्नात आबांनी तुला पहिल्यांदा तळहातावरून पाजलं, तेव्हा संध्याकाळपर्यंत तू मांडवाच्या खांबाला टेकून बसला होतास. आई बायकांना सांगत होती, माझा नवल शहाणा झाला. मी तिच्या शेजारीच होते, मलाही तसंच वाटलं.

दिवाळीनंतर आम्ही जसूला नंदुरबारहून गाडीने चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे दक्षिणेकडच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. बाहेर शिकून आल्यात, मराठी मोडकं बोलतात पण डोळ्यांत बघून बोलतात. त्या आमच्याशी बोलत होत्या तेवढ्यात जसूने त्यांचे सगळे खण उघडून पाहिले आणि ती छाती तपासायची नळी स्वतःच्या कानांत घातली. बाईंनी रागवायच्या ऐवजी तिला विचारलं, काय ऐकू येतं? मग म्हणाल्या, ही वांड नाही आणि वेडीही नाही. काही मुलांचं मन असं असतं. बाहेरदेशी अशा मुलांना सकाळी एक गोळी देतात, तिने मन जागेवर राहतं. भूक थोडी मरते, म्हणून वजन बघत राहायचं. आणि रविवारी गोळी नाही.

मन जागेवर राहतं म्हटल्यावर मला आबांचंच ऐकू आलं, घेतली की जीव जागेवर बसतो.

पुढे त्यांनी विचारलं, घरात कुणाला व्यसन? मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. भला माणूस आहे, माझ्या माहेरची अब्रू राखत होता. मीच सांगितलं. आबांचं सांगितलं, तुझंही सांगितलं. रागावू नकोस. त्या म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. मोठ्या माणसांना या गोळ्यांचीही चटक लागू शकते, ते मी लपवणार नाही. म्हणून बाटली तुमच्या ताब्यात ठेवा, मी थोड्याच गोळ्या देईन आणि पुन्हापुन्हा बोलावीन. पण घरात व्यसन होतं म्हणून या मुलीने मारच खात राहायचं का?

तर औषध आणलं आहे. आणलं असं लिहिलंय, दिलं असं लिहिलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. बाटली मेथीच्या डब्यात आहे. रोज सकाळी काढते, एक गोळी तळहातावर घेते, जसूला हाक मारायला तोंड उघडते आणि मला आबांचा हात दिसतो. गोळी परत बाटलीत. मास्तर बघतात आणि पिशवी घेऊन शाळेला निघतात. इकडे शाळेतून सांगणं आलंय की पोरगी अशीच राहिली तर पुढच्या वर्षी घेणार नाही.

आता ते दुसरं. मघापासून मी त्याच्याच भोवती फिरते आहे. नऊ वर्षं आपण दोघांनी त्याबद्दल अक्षर काढलेलं नाही.

तेव्हाही वेचणीच होती. आम्ही सगळे शेतात, जसूला दात येत होते, रडून घर डोक्यावर घेतलेलं, आणि घरी आमच्याकडे राहायला आलेला तू. तू तुझ्या अफूच्या गोळीतला कण बोटाच्या टोकावर घेऊन तिला चाटवलास. वेचणीच्या दिवसांत कोण चाटवत नव्हतं? आईने आपल्या दोघांनाही चाटवूनच शेत केलं. मी आले तेव्हा तू ओट्यावर बसून म्हणालास, "निजी गई, आते उठाडू नको." पण ती उठेचना. ओठ निळे पडले. पाणी मारलं, तळपायांना टिचक्या मारल्या. मग तू तिला खांद्यावर टाकलंस आणि अंगणातून विहिरीपर्यंत चालायला लागलास, तिच्या पाठीवर थापटत, तिच्याशी बोलत. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती रडली. तू तिला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि अनवाणी निघून गेलास. मला वाटलं तोंड धुवायला गेलास.

हे मी का उकरून काढते? जसू बसत नाही हे दिसायला लागल्यापासून माझ्या मनात एकच होतं, की हे त्या दिवसामुळे झालं. आणि तूही तिकडे बसून हेच म्हणत असशील. म्हणून मी बाईंना विचारलं. मास्तरांना बाहेर पाठवून विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, त्या दिवशी ती मेली असती, हे खरं. पण जगली, आणि आज जी आहे ती त्यामुळे नाही. ती जन्मतःच अशी आहे. तिचे आजोबा असे होते, मामाही असाच आहे, एवढं पुरे.

दादा, हे तुझ्यामुळे झालेलं नाही. हे सांगण्यासाठी पत्र लिहिलं.

आणि एक मागणं आहे. तू ये. अफूचे डोळे कसे होतात, माणूस कधी मागायला लागतो, हे मास्तरांना कळणार नाही, मलाही उशिरा कळेल. तुला ते आतून ठाऊक आहे. तू समोर असलास तर मी गोळी देईन.

तुझ्या चपला अजून माळ्यावर आहेत.

तुझी,
अनु

———

धडगाव,
ता. २० डिसेंबर १९६४

चि. अनुसयेस,
नवलचा आशीर्वाद.

घोंगडी पोचली. लाडू पोचले. डबा हलका होता.

पत्र वाचून मी बराच वेळ लाकडांवर बसून होतो. बाज्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याला वाचून दाखवलं. त्याला मराठी कमी कळते, तरी त्याने ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. अफू सोडताना यानेच मला खोलीत धरून ठेवलं होतं, माझ्या शिव्या खाऊन.

अनु, इथे मजुरांची पोरं अंगावर येतात, खांद्यावर घे म्हणतात. मी नऊ वर्षांत एकाही पोराला हात लावलेला नाही. त्या दिवशी बोट कोणाचं होतं, हे मला रोज भाकर मोडताना दिसतं. बाई म्हणाल्या ते मी मानतो. मानायला थोडा वेळ लागेल.

म्हणून आत्ता येत नाही. आणि मी समोर बसून पोरीचे डोळे तपासले तर तिला वाटेल, आपण चोर आहोत. चौकीची गरज नाही. तू लिहिलंस, रविवारी गोळी नाही. तेवढं पुरे आहे. मी अफू एक दिवसही विसरलो नाही. आबा गेले त्या दिवशीही तिरडी उचलण्याआधी मी कोपऱ्यात जाऊन घेऊन आलो. तू रविवारी बघ. पोरगी डबे उघडत फिरली, चिडली, तुझी नजर चुकवली, तर बाटली घेऊन बाईंकडे जा आणि मला कळव, मिळेल त्या गाडीने येतो. तसं काही झालं नाही तरी कळव.

तळहातावरून देऊ नको. वाटीत ठेव, तिचं तिला उचलू दे. आणि गोळी कशाची ते तिला सांग. आबांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझंही तिला सांग. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

तुझा,
नवल

———

लोणखेडा,
ता. १६ जानेवारी १९६५

ती. नवलमामांस,
जसोदाचा साष्टांग नमस्कार.

आईने सांगितले की हे पत्र मीच लिहायचे. ती वाचणार नाही असे ठरले आहे, पण चुलीजवळून मान लांब करून बघते आहे. आज शनिवार म्हणून शाळा सकाळची होती.

मी गोळी घेते. सकाळी आई वाटीत ठेवते आणि मी भाकरीबरोबर घेते. कडू आहे. आधी मला भूक लागत नव्हती म्हणून आई रडली आणि आम्ही पुन्हा आगगाडीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्धी केली. आता भूक लागते. त्यांनी मला ती नळी पुन्हा ऐकायला दिली.

शाळेत आता मला फळ्यावरचे सगळे उतरवून घेता येते. बाबांनी मला बरेच दिवस मारले नाही. एकदा मारायला आले होते, पण मी बसलेली होते, मग ते दुसरीकडे गेले. माझे डोके अजून उठून जाते. पण हाक मारली की परत येते.

रविवारी गोळी नसते. पहिल्या रविवारी आई दिवसभर माझ्या मागे होती. मी चिंचेवर चढले तर ती खाली उभी. मी विचारले काय झाले, तर म्हणाली काही नाही. मी काही शोधले नाही. सोमवारी मी गोळी विसरूनच शाळेत निघाले होते, आई वाटी घेऊन रस्त्यापर्यंत धावत आली. मला वाटले आता ओरडेल. तर ती रस्त्यातच हसायला लागली आणि डोळे पुसायला लागली. कौसाबाई बघत होत्या. मला लाज वाटली.

आईने मला तुमची गोष्ट सांगितली. मला त्यातले काहीच आठवत नाही. मी कौसाबाईंना विचारले, तुम्ही तेव्हा होता का? त्या म्हणाल्या, "मी व्हती ना. तुन्हा मामानी तुले रातभर खाले ठेवं नही." मी आता जड झाले आहे, तुम्हाला खांद्यावर घेता येणार नाही. पण आपण विहिरीपर्यंत चालत जाऊ शकतो.

तुमच्या चपला मी माळ्यावरून काढल्या. चामडे फार कडक झाले होते. आईने एरंडीचे तेल दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. एक चप्पल झाली तेव्हा मुली मला खेळायला बोलवायला आल्या. मी गेले नाही. दुसरी पण पुरी केली. दोन्ही ओट्यावर उन्हात ठेवल्या आहेत.

आई म्हणते, मामांना लिही की घाई नाही. मला आहे.

आपली भाची,
जसोदा