चार दिवस सुट्टी

३ मार्च

चामखिळी! आणि त्याही नको तिथे. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं नि तोंडावर नाव सांगितलं. संबंधातून लागतात म्हणे. कोणाकडून, कधी, ते सांगता येत नाही, विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. "बायकोलाही तपासायला आणा," म्हणाल्या. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

कधी ते मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी क्रेनच्या ट्रेनिंगला परगावी होतो, तेव्हा. एकदाच.

४ मार्च

नर्सने औषधाची बाटली हातात देऊन शाळाच घेतली. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. मग चार दिवस सुट्टी. धुवून कोरडं करायचं, बोळ्याने फक्त चामखिळीवर टेकवायचं, चांगल्या कातडीला लागू द्यायचं नाही, वाळल्याशिवाय कपडा चढवायचा नाही, मग हात साबणाने. बरं होईपर्यंत बायकोपासून लांब. पायाच्या कुरुपाचं औषध इथे लावायचं नाही हेही बजावलं — नेमकं तेच मी कपाटात हेरून ठेवलं होतं!

७ मार्च

हिला सांगितलंय, पाठ धरलीय म्हणून बाहेरच्या खोलीत चटईवर झोपतो. हिने तेल गरम करून आणलं, पाठ चोळून दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च

सुट्टी कसली? आजही लावलं, कालही. धक्क्यावर डबल ड्युटी केली की जहाज लवकर रिकामं होतं. तसंच हे.

११ मार्च

आग! नुसती आग! क्रेनच्या शिडीला ब्याण्णव पायऱ्या, वर केबिनमध्ये आठ तास बूड टेकून बसायचं. मुकादम खालून ओरडला, "काय रे, मूळव्याध?" हो म्हणालो. मूळव्याध निदान चारचौघांत सांगता येते.

१२ मार्च

नर्स भडकली. "दादा, बाटली संपवायची शर्यत लागलीय का? ते चार दिवस कातडी भरून यायला दिलेत!" जखमा बऱ्या होईपर्यंत एक थेंबही नाही. मग दाखवायला यायचं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तरच पुन्हा सुरू.

निघताना विचारलंच, "बायकोला कधी आणताय?"

दुखण्याने नाही, खोटं बोलून थकलोय.

१५ मार्च

उद्या सांगतो. वाक्य पाठ केलंय — माझ्याकडून चूक झाली, एकदाच, तू तपासून घे. ऐकून माहेरी निघून गेली तर? जाईल. तरी सांगतो.

१६ मार्च

चामखिळी झाल्यात, औषध चालू आहे, इथपर्यंत बोललो. हिने पुढे बोलूच दिलं नाही. "माझ्यामुळेच हो! मला लग्नाआधी झाल्या होत्या. बऱ्या झाल्या म्हणून बोलले नाही." हुंदके देऊन रडली. माफ करा, माफ करा, म्हणत राहिली.

मी म्हणालो, "जाऊ दे. केलं माफ."