खोटी क्रुसेरा

वालिसास, ४ डिसेंबर १९८६

ति. नेलिदाताईस,
एलादिओचा सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण परवा मी मरायला निघालो होतो आणि ती बातमी तुझ्या मेलो गावापर्यंत पोचली असेल.

रताळी काढताना वाळूतून साप निघाला. पाठीवर विषारी क्रुसेरासारखेच डाग. अंग चपटं करून त्याने डोकं लपवलं आणि शेपटीचं लाल वेटोळं वर केलं. मी झटक्यात हात मागे घेतला, तोच बोटात कळ आली. क्रुसेरा चावलीच, असं धरून मी बोंबलत शेजारच्या सुल्माबाईंकडे धावलो. त्यांनी साप दुधाच्या कॅनमध्ये घातला आणि मला गाडीत.

वाटेत माझा धीर सुटला. मरायचंच आहे तर मनात कशाला ठेवा, म्हणून त्यांना सांगून टाकलं की तुमचे यजमान गेल्यापासून तुम्हीच मनात आहात, जगलो तर लग्न कराल का? एवढं विचारून मी जो गळा काढला तो इस्पितळाच्या दारापर्यंत.

डॉक्टर कॅनमध्ये डोकावून हसायलाच लागले. म्हणाले, वर वळलेलं नाक दिसलं नाही का? ही खोटी क्रुसेरा. नाकाने वाळू उकरते, बेडूक खाते, माणसाला सहसा चावतही नाही. नुसतं सोंग. मग माझ्या बोटातून त्यांनी निवडुंगाचा काटा काढला.

परतताना सुल्माबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. मला कुंपणापाशी जायची लाज वाटते. घर विकून कायमचा तुझ्याकडे येऊ का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा एलादिओ

मेलो, ११ डिसेंबर

चि. एलादिओस, अ. आ.

तुझं पत्र घरात दोनदा वाचून दाखवावं लागलं, राग मानू नकोस. छप्पन्न वर्षांचा घोडा झालास आणि काट्याने मेलास. घर विकायचं नाही. आता धडधाकट असताना जाऊन विचार. नाही म्हणाल्या तर इथे खाट आहेच.

मायेत उणं नाही, हे जाणून असावं.
तुझी ताई

वालिसास, २० डिसेंबर

ति. ताईस, सा. न.

गेलो. सदरा उलटा घातलाय, हे सुल्माबाईंनीच सांगितलं. त्या चीज करत होत्या. मी कसंबसं विचारलं. हात पुसत म्हणाल्या, तेच तेच कितीदा विचारणार? मी गाडीतच हो म्हटलं होतं, तेही दोनदा. तुम्ही इतक्या मोठ्याने रडत होतात की ऐकू गेलं नाही.

मग येताना गप्प का होतात, असं विचारलं. तर म्हणाल्या, जगलेला माणूस शब्द फिरवतो का, ते बघत होते.

लग्न मार्चमध्ये आहे. सगळ्यांना घेऊन ये. ह्या खेपेला उत्तर ऐकायला कुणीतरी शुद्धीवर पाहिजे.

आता दोघांवर लोभ ठेव.
एलादिओ