आखूड पुंगळी, लांब पुंगळी आणि डॉक्टर सबनीस

मी, हरिदास सखाराम ओव्हाळ, वय एकाहत्तर, विमानाच्या इंजिनांचा निवृत्त इंजिनियर, राहणार ब्रिस्टल, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढच्या महिन्यात हृदयाची झडप बदलायची आहे. डोक्याला कोणी हात लावणार नाही. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः ज्यात रागाच्या भरात मी डॉ. सबनीसांचे नाव खोडले होते ते.

कलम १. घर आणि बँकेतील शिल्लक पत्नी आयु. सुप्रभा हिला. मी गॅरेजमध्ये रायफलची काडतुसे पुन्हा भरत असे, म्हणजे झाडून रिकामी झालेली पितळी पुंगळी घासूनपुसून तीत नवी दारू आणि नवी गोळी बसवत असे. हिने नागपूरला फोनवर सांगितले, "हे रोज गॅरेजमध्ये दारू घेऊन बसतात." पंचशीलातले माझे पाचवे, मद्य न पिण्याचे शील अजून शाबूत आहे, हे नातेवाइकांना कळवावे. पहिलेही आहे. कागदाशिवाय मी कशावरही गोळी झाडलेली नाही.

कलम २. लेथ, व्हर्नियर आणि इतर हत्यारे कन्या दीक्षा हिला. रायफल तिला नको आहे. "बाबा, तुमचा बंदूक मी कुठे ठेवू?" असे तिने विचारले.

"तुमचा नाही, तुमची," मी म्हणालो.

"Whatever, बाबा! माझ्याकडे लायसन्स नाहीये!"

व्याकरण चूक, मुद्दा बरोबर.

कलम ३. परवाना असलेला माझ्या ओळखीचा एकच मनुष्य आहे: डॉ. राजीव सबनीस, भूल देणारे निवृत्त डॉक्टर, नॉटिंगहॅम. आमचे का फाटले, ते येथे नोंदवणे आवश्यक आहे.

माझे म्हणणे असे की पुंगळी आखूड आणि जाड असावी. दारू एकगठ्ठा राहते, दर वेळी सारखी जळते, नेम सुधारतो. राजीव जुन्या धाटणीच्या लांब, निमुळत्या पुंगळीचा भक्त. तो म्हणे, "गोळी जाते, पुंगळी इथंच राहते. औषधाची बाटली बुटकी की उंच, पेशंटला काय फरक पडतो?"

शेवटी क्लबात कसोटी ठरली. गोळ्या एकाच मापाच्या, पुंगळ्या आपापल्या, लक्ष्ये शेजारीशेजारी. प्रत्येकी पाच बार झाले. पाहतो तो राजीवच्या कागदावर दहा छिद्रे आणि माझा कागद कोरा. (लक्ष्यांवरचे आकडे क्लबाने चुकीचे लावले होते, हे माझे मत कायम आहे.) दहांपैकी पाच छिद्रे एका नाण्याखाली झाकली जातील अशी होती, बाकीची पाच कुठेही. नाण्याखालची अर्थातच माझी. तो म्हणाला, त्याची. त्यानंतर दोन वर्षे आम्ही बोललो नाही. दिवाळीचा फराळ सुप्रभा परस्पर पाठवी, तो राजीव परस्पर खाई.

या मृत्युपत्रासाठी मला फोन करावा लागला.

"परवाना आहे ना अजून?"

"आहे. का?"

"मृत्युपत्रात तुझं नाव घालतोय."

"मरतोयस का?"

"लगेच नाही."

"मग रविवारी रेंजवर ये. मेल्यावर कसला नेम धरणार तू?"

गेलो. दीक्षाने गोळ्यांची टोके मार्करने रंगवून दिली, म्हणजे छिद्राच्या कडेला रंग उतरतो. त्याचा लाल, निळा अर्थातच माझा. या वेळी कागद एकच ठेवला. निकाल लागला तेव्हा निळी पाच जेवढ्या जागेत, लाल पाचही तेवढ्याच.

"बघ! पुंगळीनं काही फरक पडत नाही. जिंकलो!" असे म्हणत राजीव सुप्रभाने डब्यात दिलेल्या साऱ्या करंज्या खाऊन बसला.

माझ्याकडे बिनतोड उत्तर होते. पण ते क्लबात उच्चारण्यासारखे नव्हते. रिकामा डबा घेऊन घरी आलो. ते उत्तर मी येथे लेखी देतो: डॉ. राजीव सबनीस हा माझ्यापेक्षा सरस नेमबाज आहे. तरीही बरोबरी झाली, याचा अर्थ माझ्या पुंगळीने मला त्याच्या पातळीला नेले. सबब मी जिंकलो.

कलम ४. रायफल, पुंगळ्या आणि उरलेली दारू, कायद्याला धरून, राजीवला. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. कलम ३ त्याने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. त्यातले सरस नेमबाजाचे वाक्य माझ्या मृत्यूनंतरच लागू होईल. तोवर क्लबात उच्चारल्यास रायफल पोलिसांकडे जमा करावी.

अंत्यविधी साधा, त्रिशरण-पंचशील म्हणून करावा. बंदुकीची सलामी नको. राजीव त्यातही लांब पुंगळी वापरेल.

सरस नेमबाजाचे ते वाक्य वाचताना तो आधी फुलेल आणि "सबब" शब्दाशी अडखळेल. तो चेहरा मला पाहायचा आहे. म्हणून ऑपरेशन टेबलावरून जिवंत उठण्याचा माझा पूर्ण इरादा आहे, आणि उठल्यावर कलम ३ मी स्वतःच त्याला वाचायला देईन.

सही: हरिदास सखाराम ओव्हाळ

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली. पुंगळीविषयी आम्हाला मत नाही.
साक्षीदार: १. मृणाल गजभिये (सही) २. धम्मदीप शेंडे (सही)

ब्रिस्टल, ८ नोव्हेंबर २०२५