तुझी कुंडी लवकर घेऊन जा

प्रिय सीब्रांटदादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, योपीचा, नमस्कार. पोर्तुगालात ऊन भरपूर असेल, तुझा गुडघा बरा असेल, इमके आणि जावईबापू मजेत असतील, आणि त्यांची जुळी एव्हाना तुझ्या मिशा ओढायला शिकली असतील असं धरून चालते. (मिशा काढल्या असल्यास कळव, म्हणजे तू आल्यावर दचकायला नको.) आमची प्रकृती विचारशील तर माझी कंबर सोडून सगळं ठीक आहे. त्या कंबरेचा तुझ्या कुंडीशी थेट संबंध आहे, म्हणून कुंडीचंच आधी लिहिते. सप्टेंबरात येशील तेव्हा बाकी कुठेही न जाता इथे ये आणि ती कुंडी उचलून ने. माझ्या संसारात आता तिला जागा नाही.

लेकीकडे जाताना तू माझा हात धरून काय म्हणालास ते मला चांगलं आठवतं. हा ट्युलिप मी बियांपासून वाढवलाय योपी, इतक्या वर्षांनी यंदा पहिल्यांदा फुलेल, रंग कुणालाच ठाऊक नाही, याला जप. (रंग काळा येणार असं तू सगळ्या गावाला सांगून गेला होतास, ते वेगळं.) वर पाण्याचे नियम: शरदात कंद लावला की एकदा पोटभर, हिवाळ्यात पावसावर सोड, वसंतात माती कोरडी पडली तर दे, आणि पानं पिवळी पडली की उन्हाळाभर थेंबही नको. नियम सोपेच होते. फक्त मी एकटी राहत नाही, हे तू विसरलास. समुद्र वर आणि आपण खाली अशा गावात, दिसेल ते पाणी बाहेर काढायचं, एवढं एकच काम आमच्या ह्यांनी जन्मभर पंपघरात केलं. दोन वर्षांपूर्वी पंप आपोआप चालायला लागले, आमच्या लॅमर्टना एक केक आणि एक घड्याळ देऊन घरी पाठवलं, आणि तेव्हापासून हे खिडकीतल्या खुर्चीत बसून कालव्याकडे बघत असत. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘हं.’ अशा माणसाच्या घरात तू पाणी घालायची वस्तू ठेवून गेलास.

नोव्हेंबरात मी कंद लावला आणि पोटभर पाणी घातलं. (माझं पोट धरून. तुझं केवढं धरायचं ते तू सांगितलं नव्हतंस.) हात धुवून बाहेर येते तर हे कुंडीपाशी वाकून काडीने पाण्याची खोली मोजताहेत. “तळं केलंस,” म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मग शेडमधून गिरमिट आलं, कुंडीच्या बुडाला भोकं पडली, खाली विटा गेल्या, आणि दिवस मावळेपर्यंत कुंडीपासून कालव्यापर्यंत एक चर खणून झाला. एका कुंडीसाठी. पुढे हिवाळाभर, पाऊस लागला की हे कुंडी वळचणीखाली ढकलायचे आणि पावसावर सोड ही तुझी आज्ञा म्हणून मी ती परत बाहेर ओढायची. शेजारच्या डीवरला तोंडावर बोलायची खोड आहे हे तू जाणतोसच. ती कुंपणावरून म्हणाली, “कुंडी कुणाकडे राहायची ते एकदाचं ठरवा ना. घटस्फोट घेतलेल्यांच्या पोरासारखं काय फिरवताय तिला?” पण मी घातलेलं आणि ह्यांनी काढलेलं यांची कुठेतरी बरोबर फिटंफाट झाली असणार, कारण मार्चात मातीतून हिरवं नाक वर आलं.

एप्रिलात पूर्वेचा वारा सुटला. पाऊस नाही, माती खडखडीत, आणि कळी नेमकी तेव्हाच धरलेली. मी झारी उचलायला वाकले ती वाकलेलीच राहिले. पलंगावरून ह्यांना ओरडून सांगितलं, पाणी घाला. हे झारी हातात घेऊन अंगणात किती तरी वेळ नुसते उभे. जन्मभर जमिनीवरचं पाणी उपसलेल्या माणसाने ते स्वतःच्या हाताने परत ओतायचं, म्हणजे धर्म बदलण्यासारखंच की. शेवटी झारी ठेवून कॉफीच्या कपाने घातलं. दुसऱ्या दिवशी मातीत बोट खुपसून पाहिलं आणि आणखी अर्धा कप. मग रोज सकाळी बोट, आणि मग माझ्या पलंगाशी सविस्तर खबर: वर कोरडी आहे, आत गार आहे, आज नको. ज्यांना बोलतं करायला मी दोन वर्षं डोकं आपटलं, ते मातीच्या ओलीवर अख्खी न्याहारीभर बोलत, आणि मला उठून जाता येत नसल्यामुळे मी सगळं ऐकत असे.

मग फूल उमललं. दादा, खाली बसून वाच. पिवळं आहे. काळं नाही, काळपट नाही, ह्यांच्या पंपघरातल्या रेनकोटासारखं पिवळंधमक. (फोनवर तू रंग विचारलास तेव्हा लाइन खराब झाली होती ना, ती मीच केली होती.) मला तुझ्यासाठी वाईट वाटलं, पण हे इतके खूश झाले की सगळ्या गल्लीला कॉफीला बोलावलं आणि बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा फिरवला. कॉफीबरोबर एकच बिस्कीट देऊन डबा बंद करणाऱ्या आपल्या गावात असं याआधी कुणी केलं होतं ते तूच आठवून सांग.

आता उन्हाळा. पानं वाळली, थेंबही नको, म्हणजे सगळं ह्यांचंच राज्य. कुंडीवर ताडपत्रीचा मांडव घातलाय आणि त्याखाली खुर्ची टाकून हे आकाशावर नजर ठेवून असतात. गेल्या आठवड्यात डीवरला ती वाळकी पानं दिसली आणि दया येऊन ती झारीभर पाणी घेऊन आली. ती झारी वाकवणार तोच हे पंपघरातल्या आवाजात गरजले, “डीवर, तो कंद झोपलाय. झोपलेल्याच्या नरड्यात पाणी ओततेस होय?” झारी निसटली आणि सगळं पाणी डीवरच्याच लाकडी जोड्यांत गेलं. संध्याकाळी ती सफरचंदाचा केक घेऊन आली आणि कुंडी कोरडी कशी राखावी यावरचं भाषण ऐकून परत गेली.

तेव्हा माझी कंबर गेली, बिस्किटं संपली, शेजारीण भिजली. घरात कुंडीशिवाय दुसरा विषय नाही. सप्टेंबरात ये आणि घेऊन जा. जुळ्यांना माझ्याकडून एकेक पापा.

तुझी,
योपी

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी ह्यांनी ते वाचलं. मांडवाखालची खुर्ची उचलून आत आणली, परत खिडकीशी ठेवली आणि कालव्याकडे बघत बसले. कॉफी देऊ का विचारलं तर म्हणाले, ‘हं.’ हा ‘हं’ कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, हे मला तेव्हा कुठे कळलं. दादा, वरचं सगळं खोडलंय असं समज. अजून एक वर्ष कुंडी इथेच राहू दे.

आणखी एक. कुंडी मी मागून ठेवून घेतली असं ह्यांना कळता कामा नये; तुलाच ती उचलवली नाही असं वाटू दे. तुझा गुडघा बरा झाला असला, तरी आमच्या दारात येताना लंगडत ये.