दापोऱ्याचा कॅमेरा

मंगळवार, ८ एप्रिल

कॅमेऱ्यानं आज नाक कापलं. बारसं होतं, सिंधी वस्तीच्या मागं. आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात नाव सांगणार — आणि शटर अडकलं. बटण दाबते, काही नाही. बॅटरी काढली, घातली, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. तोवर नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटायला सुरुवात! शटर सुटल्यावर आत्याला पुन्हा वाकायला लावलं. बाळ रडून लाल. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र बॅग भिंतीवर आपटावीशी वाटली.

पाळणा पुन्हा हलवता येतो. मंगळसूत्र पुन्हा कोण घालणार? आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, खकनारचं लग्न आहे, भिकनरावांच्या मुलीचं. पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालंय. बोलताना मी ऐटीत सांगून बसलेय — दोन कॅमेरे असतील. कुठले दोन? एक, तोही आजारी.

बुधवार, ९ एप्रिल

कॅमेरा इंदूरला दुरुस्तीला पाठवला. बॅटऱ्या, चार्जर, सगळ्यासकट.

नवा घेणं जमणार नाही. जुना, मधल्या रेंजचा, माझ्याच कंपनीचा हवा, म्हणजे लेन्सा बसतील. बस एवढंच. फार मागतेय का?

दीपक मिलमधून आला आणि जेवता जेवता म्हणाला, आजकाल मोबाईलनंही चांगले निघतात की. दहा वर्षं संसार केला या माणसानं माझ्याशी! विचारलं, तुमच्या मिलमध्ये एक पंप बंद पडला तर दुसरा असतो ना? म्हणाला, असतोच, नाही तर मशीन थांबेल. मग स्वतःच भाजी वाढून घेतली.

गुरुवार, १० एप्रिल

ऑनलाइन जाहिराती बघून डोळे दुखले. एक म्हणतो, मी फौजी आहे, बदली झालीय, आधी पैसे पाठवा, कॅमेरा घरपोच येईल. गेल्या आठवड्यात हाच फौजी फ्रिज विकत होता.

शुक्रवार, ११ एप्रिल

खंडव्याला जाऊन आले. फोटोत काय चमकत होता! हातात घेतला, चार फोटो काढले. चारही फोटोंत एकाच जागी काळा ठिपका. विकणारा म्हणतो, पुसला की जातो. पुसला. गेला नाही. मग म्हणतो, इतका बारीक कोण बघतं? नवरीच्या गालावर बसला की तिची आई बघते ना!

येताना गाडीत जागा नाही. दाराशी उभी राहून आले.

सोमवार, १४ एप्रिल

शेवटी एक बरा सापडला, तोही इथंच, बुऱ्हाणपुराजवळ, दापोऱ्याला. गौरव नाव, केळीची शेती. यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ टाकणार होता, ते राहिलं. आता त्याला चांगला मोबाईल घ्यायचाय. स्कूटी घेऊन गेले. टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलेला. एक ओरखडा नाही. "मॅडम, बस तीन-चार डाव वापरला. तेव्हापासून पडेल आहे," म्हणाला.

पण चालू होईना. बॅटरी संपलेली. चार्जर आण म्हटलं, तर चार्जर नाही! कपाट, खाटेखाली, टीव्हीमागं, सगळं शोधून झालं. त्याची आई मालूबाई, त्यांनी गादी उचलून पाहिली. बायको कोमल चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ती तेवढी काही शोधत नव्हती. परवा या, म्हणाला गौरव, तोवर सापडतो.

बुधवार, १६ एप्रिल

चार्जर सापडला म्हणून फोन आला. ऊन डोक्यावर घेऊन गेले. चार्जर आहे — आता बॅटरी नाही!! अरे, सोमवारी मी स्वतः हातात धरली होती!

गौरव ओशाळला. मालूबाई म्हणाल्या, घरात काही तरी शिरलंय बाई, काल चमचे पण मोजून ठेवले मी. कोमलनं चहा आणला. मी चहा प्यायला गेले होते का?

शुक्रवार, १८ एप्रिल

माझा कॅमेरा इंदूरहून आला. काम केलंय म्हणे, पण भरवसा देत नाही, म्हणे. असंच सांगायचं असेल तर दुरुस्ती कशाला म्हणायचं?

एक बरं झालं, माझ्या बॅटऱ्या परत आल्या. माझी बॅटरी त्या कॅमेऱ्याला बसते. आता त्यांच्या घरातलं काहीही हरवू दे.

शनिवार, १९ एप्रिल

माझी बॅटरी, माझं कार्ड, माझी लेन्स घेऊन गेले. चालला! काय गोड आवाज शटरचा. अंगणात मालूबाईंचे दोन फोटो काढले, एक केळीच्या पानाचा. घ्यायचाच, असं ठरवून घरी आले.

घरी फोटो लॅपटॉपवर टाकला. कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढलेत तो आकडा त्यात कळतो. तीस हजारांच्या वर! आणि हा म्हणतो, तीन-चार डाव!

लगेच फोन केला. तो आईची शपथ घेतो, शेताची शपथ घेतो. म्हटलं, कॅमेरा स्वतःच उठून फोटो काढतो का रे? तर उलट तोच चिडला. तुमच्या लॅपटॉपमध्ये काही खराबी असेल, म्हणाला. फोन कापला. त्यानं नाही, मी.

खोटारडा मेला. आकडा खरा सांगितला असता तरी घेतला असता मी. पण असल्या माणसाकडून नाही.

रविवार, २० एप्रिल

काही नाही. डोकं दुखतंय. दोन जणांना भाड्यानं मागून पाहिला. आखाजीला कुणाकडेच रिकामा नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी अनोळखी नंबर. बाईचा आवाज, अगदी हळू. "ताई, मी दापोऱ्याची कोमल. ते शेतात गेलेत. तुमचा आकडा बरोबर आहे. पण ते खोटं नाही बोलले. त्यांना माहीतच नाही. मी काढलेत."

मी काही बोलायच्या आत म्हणाली, गुरुवारी बाजाराला येतेय, तुमच्याकडे आले तर चालेल का.

गुरुवार, २४ एप्रिल

कोमल आली. भाजीची पिशवी खाली ठेवली, आणि पदराच्या गाठीतून एक मेमरी कार्ड काढलं.

गौरवनं कॅमेरा बाजूला टाकला तेव्हा हिनं उचलला. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकली. दुपारी माणसं मळ्यात, सासू झोपलेली, तेव्हा काढायची. आधी कोंबड्या, भांडी, उन्हाची तिरीप. मग शेजारची एक पोटुशी बाई म्हणाली, माझा डोहाळजेवणाचा फोटो काढ, त्या फोटोवाल्या माणसासमोर मला लाज वाटते. मग दुसरी आली. मग बाळंतिणी, लेकी, म्हाताऱ्या. मागच्या खोलीत चादर लावायची आणि दार लोटून घ्यायचं. गावातल्या निम्म्या बायकांच्या मोबाईलवर हिनं काढलेले फोटो आहेत, आणि एकीनंही घरात तोंड उघडलेलं नाही! मालूबाईंना ठाऊक आहे का, विचारलं. म्हणाली, झोपेचं सोंग असेल तर माहीत नाही.

चार्जर हिनंच धान्याच्या कोठीत पुरला होता. आणि त्या बुधवारी मी चहा पीत होते तेव्हा बॅटरी हिच्या ब्लाऊजमध्ये होती. हे सांगताना खाली बघत होती. मला हसू आलं, आणि रागही. त्या उन्हात दोन खेपा घातल्या मी!

कार्ड लावलं. काही फोटो वाईट आहेत. डोकी कापलेली, फोकस भलतीकडे. काही बरे. आणि मग एक आला — बांगड्या भरून घेणारी बाई, हात कासारणीच्या हातात दाबलेला, तोंड वेदनेनं वाकडं आणि डोळे हसणारे. मी त्यावरच थांबले. पुढचा लावायला विसरले. इतकी लग्नं केली, चुडा भरतानाचा असा फोटो माझ्याकडे एकही नाही. मी गेले की बायका पदर सारखा करतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. हिच्याकडे कुणी बघतच नाहीये.

विचारलं, गौरवला का नाही सांगत? म्हणाली, "काय सांगू? कॅमेरा त्यांचा. मला काय करायचाय, असंच विचारतील ना. त्याचं उत्तर मला पण येत नाही."

मग बस चुकेल म्हणून निघाली. कोथिंबिरीची जुडी विसरून गेली.

शुक्रवार, २५ एप्रिल

लग्न पाच दिवसांवर. कॅमेरा चांगला आहे, मालक खोटारडा नाही, एक फोन केला की सौदा ठरेल. आणि मला तो घेता येत नाहीये! ती कशाला आली? गुपचूप राहिली असती तर आज माझ्या टेबलावर असता.

दीपक म्हणाला, "तू नाही घेतलास तर दुसरा घेईल. तिच्याकडे तसाही राहत नाही." बरोबर बोलतो तेव्हा जास्त राग येतो त्याचा.

संध्याकाळी कोमलला फोन केला. विचारलं, तुझ्या नवऱ्याला सांगू का? मागं बकरी ओरडत होती. मग म्हणाली, सांगा.

शनिवार, २६ एप्रिल

गौरवला सगळं सांगितलं. आधी गेल्या शनिवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग म्हटलं, मला कॅमेरा विकत नको. कॅमेरा घेऊन कोमलला खकनारला पाठव. बायकांच्या बाजूचे फोटो ती काढेल, कामाचे पैसे देईन.

तो आधी हसला. कोमल? मग आकडा आठवला असावा. मागच्या खोलीत? म्हणाला. रोज? म्हटलं, बहुतेक रोज. म्हणाला, आई होती ना घरात.

शेवटी म्हणाला, बघतो मॅडम.

बघतो म्हणजे काय? हो असेल तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. हे 'बघतो' कुणी शोधून काढलं?

रविवार, २७ एप्रिल

फोन लागत नाही. दोघांचाही.

सोमवार, २८ एप्रिल

गौरवचा फोन. कॅमेरा काल गेला. रावेरचा कुणी पोरगा येऊन घेऊन गेला. "सॉरी मॅडम. पण तुम्हीच तर नको म्हणालात."

कोमल काय म्हणाली, विचारलं. म्हणाला, चार्जर पण तिनंच आणून दिला.

मी काय मिळवलं? मोठेपणा दाखवला, कॅमेरा घालवला. माझा पण, तिचा पण. त्यापेक्षा मी घेतला असता तर निदान बुऱ्हाणपुरात तरी राहिला असता. दीपकनं 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. नुसता चहा करून दिला. त्यानं तर जास्तच वाईट वाटलं.

मंगळवार, २९ एप्रिल

भिकनरावांना फोन करून खरं सांगितलं — कॅमेरा एकच आहे, नुकताच दुरुस्त केलेला. चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. म्हणाले, "बघा बाई. लेक एकच आहे माझी." आरडाओरडा केला असता तर परवडला असता.

बॅग भरली. सगळं दोनदा तपासलं. शटर आज तरी चालतंय.

बुधवार, ३० एप्रिल, आखाजी

सकाळी निघायला दार उघडलं तर पायरीवर कोमल. पहिल्या बसनं आली होती. चांगलं लुगडं, केसात गजरा, हात रिकामे.

"कॅमेरा गेला ताई. मी आले तर चालेल का?"

गौरवला सांगून आलीस का, विचारलं. म्हणाली, त्यांनीच स्टँडवर सोडलं.

खकनारला आम्ही दोघी गेलो. कॅमेरा एकच होता. चुड्याच्या वेळी मी तो तिच्या गळ्यात घातला आणि खोलीच्या बाहेर येऊन उभी राहिले.