पिशवीतून काढलेली बाटली

बाबा, परवा मी माझी औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी केली. हर्नियाचं ऑपरेशन आहे, तसं लहानच. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तपासणी होती. माझ्या मुलीच्या वयाच्या बाई. रक्तदाबाच्या गोळ्या बघून त्यांनी गुजरातीत विचारलं, "काका, आ सिवाय बीजुं कंई? फाकी, उकाळो, केप्स्यूल?" चूर्ण, काढा, काहीही चालू असेल तर दाखवा, म्हणून मी पिशवीच्या तळातून अश्वगंधाची डबी काढली, सूनबाईने आणून दिलेल्या हळदीच्या कॅप्सूल काढल्या. त्यांनी दोन्हीची लेबलं नीट वाचली आणि आजपासून बंद म्हणून सांगितलं. एकाने भुलीची झोप जास्त चढू शकते, दुसऱ्याने रक्त थांबायला वेळ लागू शकतो. लसणाच्या, जिंकोच्या, जिनसेंगच्या कॅप्सूल घेणारे तर सांगतच नाहीत, झाडपाल्याचं आहे म्हणून औषधात धरतच नाहीत, असं त्या म्हणाल्या. सांगितलं नाही तर काय, म्हणून मी विचारलं, "अने न कहीए तो?" त्यांनी पेनचं टोपण लावलं. "घणी वार कंई न थाय. कोई वार लोही बंध ज न थाय." बहुतेक वेळा काही होत नाही, कधी रक्त थांबतच नाही. मग हसून म्हणाल्या, "बधा तमारा जेवा होय तो अमारे शांति." मी खाली बघून वस्तू पिशवीत भरत राहिलो. सगळे तुमच्यासारखे असते तर, अशी त्यांनी माझी स्तुती केली, आणि ती मला घेता येईना.

ती बाटली तुम्हाला आठवत असेल. तुम्ही वर्कशॉपमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि विसरायला लागला होता. एकदा भाजी घ्यायला स्कूटरवर गेलात आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन प्रतापनगरपर्यंत चालत घरी आलात. आई म्हणाली, "स्कूटर विकली की काय?" तुम्ही म्हणालात, "अगं, ती माझ्यापेक्षा हुशार. जिथे ठेवली तिथे थांबली असेल." सगळे हसलो, पण मला ते लागलं. मकरपुऱ्यातल्या माझ्या कंपनीत एक सहकारी कॅप्सूल विकायचा. स्मरणशक्तीसाठी, रक्ताभिसरणासाठी, संपूर्ण वनस्पतीजन्य. बाटलीवर हिरवं पान होतं आणि खाली बारीक अक्षरात जिंको, लसूण, जिनसेंग. तुमच्या वाढदिवसाला मी ती आणली. शर्टापेक्षा तुम्हाला ती जास्त आवडली. रोज सकाळी दुधाबरोबर एक. मुलाने आणली म्हणून शेजारच्या काकांना तुम्ही बाटली दाखवायचात, "दीकरो लाव्यो छे." तुमच्या हातात मी दिलेली एवढी जपलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा असायची तेव्हा तुम्ही मला वर्कशॉपमध्ये न्यायचात. तुमची काम करायची पद्धत मी तिथे पाहिली. मशीन उघडायच्या आधी जमिनीवर गोणपाट पसरायचं आणि सुटा होणारा प्रत्येक भाग त्यावर ओळीने मांडायचा, अगदी वॉशरसुद्धा. एका वर्षी मी त्यातला एक वॉशर खिशात टाकला. चकाकत होता म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला तो माझ्या चड्डीच्या खिशात सापडला. तुम्ही मारलं नाहीत. तळहातावर वॉशर ठेवून म्हणालात, "मागितला असतास तर दुसरा दिला असता. तू लपवलास, म्हणून आज चार माणसं अर्धा दिवस गुडघ्यांवर बसून शोधत होती." मी नऊ-दहा वर्षांचा असेन. त्यानंतर कुठलीही वस्तू न विचारता घेतली नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःबद्दल समजत होतो.

तुमच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तपासणी होती त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून पिशवी भरत होता. डॉक्टरांनी चालू असलेली सगळी औषधं आणायला सांगितली होती. तुम्ही गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्यात आणि मग ती बाटली ठेवलीत. मी म्हणालो, "बाबा, ते औषध थोडंच आहे?" तुम्ही म्हणालात, "अरे, सगळं म्हणजे सगळं. बघू दे त्यांना." दवाखान्याच्या दारात तुम्हाला आणि आईला उतरवून मी स्कूटर लावायला गेलो. पिशवी माझ्याकडे होती. महिन्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती बाटली बघून, शिकलेला माणूस असून असलं आणतो, म्हणून मला ऐकवलं होतं, "भणेला माणस थईने आवुं लावो छो?" दवाखान्यातही कोणीतरी हसेल, तुमच्यासमोर, आणि मी आणलेली वस्तू हसण्यावारी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बाटली काढून डिकीत ठेवली. याहून मोठं कारण नव्हतं, बाबा. मी खूप शोधलं आहे.

आई बाहेर बाकावर थांबली. आत तुम्ही पिशवी उघडलीत, पट्ट्या एकेक करून टेबलावर मांडल्यात, आणि हात पुन्हा आत घालून चाचपलंत. मग माझ्याकडे बघितलंत. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "बस, आटलुं ज?" एवढंच, म्हणून मीच सांगितलं, "हा, आटलुं ज." मला वाचवायला तुम्ही गप्प राहिलात, की बाटली घेतली होती हेच तुम्हाला आठवेना, हे मला आजही ठरवता येत नाही. घरी आल्यावर मी ती दुधाच्या पेल्याशेजारी परत ठेवली, आणि ऑपरेशनच्या आदल्या सकाळपर्यंत तुम्ही रोज एक घेत राहिलात.

ऑपरेशन झालं आणि रक्त थांबेना. पुन्हा आत नेलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. ते तरुण डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. आईसमोर त्यांनी मला विचारलं, "रक्त पातळ करणारं काही घेत होते का? काहीही. देशी, आयुर्वेदिक, काहीही." त्या वेळी सांगता आलं असतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही." तिसऱ्या दिवशी तुमचं हृदय बंद पडलं. तुम्हाला रक्तदाब होता, वय होतं. कदाचित त्या बाटलीचा काही संबंध नसेलही. कदाचित त्या दोन वेळांपैकी एकदा खरं बोललो असतो तरी तेच झालं असतं. पण तपासायला त्यांच्यासमोर सगळं मांडलेलं नव्हतं, आणि त्यातलं काय गायब आहे हे फक्त मला माहीत होतं.

आई आता माझ्याकडे मांजलपूरला असते. ऐकायला कमी येतं, पण त्या डॉक्टरांना ती विसरलेली नाही. त्या दवाखान्याच्या रस्त्याने रिक्षा गेली की म्हणते, "त्या पोराने मारलं ह्यांना. हात बसवायला आमचाच माणूस मिळाला." इतक्या वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही की, आई, त्यांनी दोनदा विचारलं होतं. परवा दवाखान्यातून आल्यावर तिने विचारलं काय झालं, म्हणून मी पिशवी रिकामी केल्याचं सांगितलं. तिला आनंद झाला. "अगदी ह्यांच्यासारखा आहेस. हे पण सगळं नीट पिशवीत भरून घेऊन गेले होते. तरी त्या मेल्याने…" मी चहाचा कप विसळायला उठलो.

बाटली मी टाकलेली नाही. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, हिरवं पान पुसट झालंय. आज दुपारी आई भजनाला गेली तेव्हा मी ती काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. ती आली की समोर बसवायचं आणि सांगायचं, असं ठरवलं होतं. वाट बघताना हे लिहायला बसलो, म्हणजे वाक्यं तरी हाताशी राहतील. आत्ता लिफ्ट थांबली, तिच्या काठीचा आवाज आला. बाबा, मी बाटली उचलून परत कप्प्यात ठेवली आहे. हा कागदही तिच्याखालीच ठेवतोय.