खोटं पडणं

मंगळवार, ६ मार्च

आज मी ह्यांच्यासाठी खोटी पडले. सांगणार कोणाला? क्लबात हे सर, घरी नवरा – दोन्हीकडे तोंड बंद! म्हणून लिहायला बसले.

आयकिडोत, म्हणजे ह्या जपानी युद्धकलेत, मी ह्यांचं मनगट घट्ट धरायचं, ह्यांनी वळून माझा तोल काढायचा आणि मी चटईवर पडायचं. हे वळले, पण डावा हात मध्येच ढिला झाला. माझा तोल जागच्या जागी. समोर सगळा वर्ग गुडघ्यांवर बसलेला. आणि मी पडले! चांगला आवाज करून.

जन्मभर गणित शिकवलं. कोणाला अर्धा गुण फुकट दिला नाही.

शुक्रवार, ९ मार्च

आज वर्गात बाजूला बसून पाहिलं. दातांचा डॉक्टर पडला – खोटा. प्लंबर तर हात लागायच्या आधीच आडवा! हे खुशीत. घरी येताना म्हणाले, "आज कसा मोकळा चालला हात, पाहिलंस?" पाहिलं.

त्याआधी दाराशी बूट घालताना प्लंबरला गाठलं होतं. "कधीपासून चाललंय?"

"तुम्हाला काय वाटलं, मॅडम, तुम्हीच पहिल्या? थंडी पडल्यापासून पडतोय आम्ही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?"

रविवार, ११ मार्च

लेकीचा फोन. तिला सांगितलं. "पडत राहा ना गं, आई! बाबांना तेवढाच आनंद. हात डॉक्टरला दाखव म्हणजे झालं."

म्हणे दाखव! दवाखान्याचं नाव काढलं की ह्यांचं ठरलेलं – "वर्गात ये आणि बघ मला काय झालंय ते." वर्गात सगळे धडाधड पडतात. मग झालंय काय? काहीच नाही!

सोमवार, १२ मार्च

सकाळी ह्यांच्या हातून कप निसटला. "कान तुटलेला होता." केर भरताना पाहिला – कान शाबूत.

मंगळवार, १३ मार्च

बेकरीवाली नवी. तिला आमची रीत कोणी सांगितली नव्हती. ह्यांनी नेमकं तिलाच पुढे बोलावलं. तिने मनगट धरलं, रोज कणकेचे डोंगर मळणाऱ्या हाताने. हे वळले. ती उभीच. पुन्हा वळले. उभीच.

"सर, मी आता काय करू? पडू का?"

कोणी हसेना. प्लंबर उगाच खोकला. हे माझ्याकडे पाहत होते. "मॅडम, तुम्ही या."

गेले. कधी नव्हे इतकं घट्ट धरलं. हे वळले. मी पडले नाही.

"बरं," एवढंच म्हणाले. वर्ग लवकर सोडला.

बुधवार, १४ मार्च

दिवसभर अबोला. ताट अर्धं टाकलं. मी भांडी आदळली. मग हे खिडकीकडे तोंड करून – "तू कधीपासून पडतेस?"

"एकदाच."

"आणि बाकीचे?"

मी ओटा पुसायला घेतला.

"सगळ्यांनी मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत मला. आणि शिडी काढायला तू आलीस!"

माफी मागावीशी वाटली. मागितली नाही. "शुक्रवारी डॉक्टरकडे जायचंय," म्हटलं.

"आणि वर्ग?"

"ते मागाहून."

"तुझं काय जातंय म्हणायला!" खोलीचं दार लावून घेतलं. चहाला मात्र बाहेर आले.

शुक्रवार, १६ मार्च

गेलो एकदाचे. मानेतली नस दबली आहे. हात पूर्वीसारखा होणार नाही. आहे तेवढा टिकावा म्हणून औषधं आणि व्यायाम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, थंडीतच यायला हवं होतं. तेव्हा बरंच काही करता आलं असतं."

थंडीत!

बसमध्ये शेजारी बसलो, पण ह्यांनी पिशवी मधे ठेवली.

मंगळवार, २० मार्च

हॉलची किल्ली, लाकडी तलवार आणि दोन्ही दिवसांचा वर्ग – ह्यांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे सोपवलं. मग ओळीच्या टोकाला, बेकरीवालीशेजारी जाऊन बसले. मी पहिलं ह्यांनाच बोलावलं. उजव्या हाताने माझं मनगट धरलं. मी वळले. हे उभेच!

"चुकलं, मॅडम. पुन्हा."